वळिवड्याच्या बाजारांतील पोलिश शब्द

मिरजेहून निघालेली आगगाडी कृष्णा ओलांडून शिरोळ तालुक्यांत शिरते व पुढें कोल्हापूर येण्यापूर्वीं वळिवडें लागतें. १९४३ सालीं तेथें पोलिश निर्वासितांची छावणी उघडली. सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक स्त्रिया व मुलें. १९४०-४१ मध्यें सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडांतून सैबेरियाकडे हद्दपार केलेलीं हीं कुटुंबें सुटकेनंतर इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. कित्येकांचीं घरें ल्वूफच्या टापूंत होतीं. आज ह्या शहरास ल्विव म्हणतात व तें युक्रेनांत आहे.

छावणींत माल घेऊन येणाऱ्या मराठी विक्रेत्यांनीं कामापुरती पोलिश कानानेंच उचलली. व्याकरणाशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. भाव विचारावयाचा तर ‘इले कोश्तुये?’, पाव म्हणजे ‘ख्लेब’, आभार मानावयाचे तर ‘जेंकुये’. युक्रेनी ही पोलिशची बहीणच. तिच्यांत पाव ‘ख्लिब’ आणि आभार ‘द्याकुयू’. संस्कृत जाणणाऱ्यास तर ह्या भाषा अगदींच परक्या वाटूं नयेत. दोन ह्या आंकड्यास दोहींतहि ‘द्वा’ म्हणतात, तीनला युक्रेनींत ‘त्रि’. आणि पोलिश ‘ओग्येन’ म्हणजे आपला अग्नि!

१९४५ सालीं सरहद्दी बदलल्या आणि ल्वूफ सोव्हिएट युक्रेनांत गेलें. त्यामुळें १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली तेव्हां अनेकांना परतावयास गांवच उरलें नव्हतें. पुढें त्याच जागीं फाळणीनें उखडलेले सिंधी लोक वसले, गांधीनगर उभें राहिलें, आणि तेथील बाजारांत सिंधी ऐकूं येऊं लागली.