मुलाचा ताबा: समुपदेशकाचा अहवाल आणि मध्यस्थाचे मौन

पोलादपूर तालुक्यातील अनेक वाड्यांमध्ये नवरा मुंबईला कामाला आणि बायको-मुले गावी, असा संसार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. महाडच्या खेड्यांतही चित्र फारसे निराळे नाही. हा संसार मोडकळीला आला, की भांडणाच्या आधी ठिकाणाचा प्रश्न उभा राहतो. नवऱ्याने मुंबईत अर्ज केला तर तारखेला जायचे कसे? आणि मूल कोणाकडे राहावे हे ठरविणारे न्यायाधीश त्या मुलाला ओळखणार कसे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा झाला. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशी न्यायालये स्थापणे त्याने राज्यांवर बंधनकारक केले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे ती सुरू झाली. मुंबईचे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. निकाल देण्याआधी समेटाचा प्रयत्न करणे हे येथील न्यायाधीशांचे कर्तव्यच आहे (कलम ९). त्यांच्या मदतीला समुपदेशक असतात (कलम ६), आणि गरज पडल्यास वैद्यकीय वा समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञही बोलावता येतात (कलम १२). वकील लावणे हा येथे पक्षकाराचा हक्क समजला जात नाही. न्यायालयाच्या परवानगीने वकील उभा राहतो.

समुपदेशकाची कामे दोन आहेत आणि ती परस्परांहून भिन्न आहेत. पक्षकारांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पहिले काम नवराबायकोशी बोलून तडजोड घडविण्याचे. तेथे झालेले बोलणे, समुपदेशकाने केलेली टिपणे ही सारी गोपनीय असतात. त्याविषयी साक्ष देण्यास समुपदेशकाला भाग पाडता येत नाही. दुसरे काम पाहणीचे. मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकते. आईचे घर कसे आहे, वडिलांचे कसे आहे, दोघांचे स्वभाव, राहणीमान, मुलाशी असलेले नाते हे सारे त्यात येते. त्यासाठी समुपदेशक घरी येऊ शकतो. ताबा एकाकडे दिल्यानंतरही मूल तेथे कसे राहते आहे, हे अचानक येऊन पाहण्याची मुभा त्याला नियमांनी दिली आहे. हा अहवाल मात्र न्यायाधीशांसमोर जातो. म्हणून समोर बसलेली व्यक्ती आज कोणत्या कामासाठी बसली आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मुलाचे म्हणणे ऐकले जाते काय? १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार मूल समंजस वयाचे असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. ती अंतिम नसते. न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात मुलाला एकट्याने भेटतात. ‘आई हवी की बाबा?’ असा सरळ सवाल जाणता समुपदेशक टाकीत नाही. तो शाळेचे विचारतो, शाळेत कोण सोडते, ताप आला तर रात्री कोण जागते हे विचारतो. पढवून आणलेले मूल अशा प्रश्नांपुढे फार काळ टिकत नाही, आणि पढविणाऱ्यालाच ते महागात पडते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. त्याच कायद्याचे कलम १३ मात्र मुलाच्या हिताला आईबापांच्या हक्काहून वरचे स्थान देते.

आता महाड-पोलादपूरकडे वळू. या दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणी स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही. जेथे असे न्यायालय नसते तेथे हे दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयांत चालतात, आणि पूर्णवेळ समुपदेशक तेथे नसतो. तरीही कायद्याने हात बांधलेले नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आदेश ३२-अ घातला गेला. कौटुंबिक दाव्यात समेटाचा प्रयत्न करणे आणि कुटुंबकल्याणाचे काम करणाऱ्या व्यक्तीची, शक्य तर स्त्रीची, मदत घेणे त्यात सांगितले आहे. ही तरतूद पक्षकारांना ठाऊक नसते. अर्ज करून तिची आठवण करून देण्यास कोणाची हरकत असू नये.

ठिकाणाच्या प्रश्नातही गावी राहणाऱ्या आईची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तेथे घटस्फोटाचा वा नांदण्याचा अर्ज करू शकते. पालकत्वाचा अर्ज तर मूल नेहमी जेथे राहते त्याच भागातील न्यायालयात करावा लागतो. म्हणजे मूल पोलादपूरच्या शाळेत शिकत असेल तर बापाचा मुंबईचा पत्ता तेथे उपयोगी पडत नाही. पोटगीचा अर्जही पत्नी राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. पूर्वीच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. नवऱ्याने मुंबईत दावा आधीच लावला असेल, तर तो बदलून मिळावा म्हणून उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

मध्यस्थीचा मार्ग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव खटल्यात वैवाहिक वाद मध्यस्थी केंद्रांकडे पाठविण्यावर भर दिला. दावा लावण्यापूर्वीही तेथे जाता यावे, असे त्या निकालात म्हटले आहे. मध्यस्थ न्यायाधीशांना एवढेच कळवितो की तडजोड झाली किंवा झाली नाही. कोण काय बोलले, हे तो सांगत नाही. तो मुलाची पाहणीही करीत नाही. सुट्टीत मूल कोणाकडे, गणपतीला गावी कोण आणणार, शाळेची फी कोणी भरायची, असे बारकावे निकालपत्रापेक्षा मध्यस्थाच्या टेबलावर अधिक नीट ठरतात, असे मला वाटते.

या भागात गावकी आणि मुंबईतील ग्रामस्थ मंडळ हेही मध्यस्थच मानले जातात. वडीलधाऱ्यांनी समजूत घालण्यात गैर काही नाही. मात्र मुद्रांकावर लिहून दिलेली काडीमोड, तशी रूढी सिद्ध झाल्याखेरीज, कायद्यापुढे टिकत नाही. मुलाचा ताबाही अशा कागदाने कायमचा ठरत नाही. निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा तर गुन्हाच आहे. रायगड जिल्ह्यातील अशा तक्रारी गाजल्या होत्या, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू झाला.

एक फरक येथे नोंदवायला हवा. २२ जुलै २०२१ च्या दरडीत महाडच्या तळिये गावाने आणि पोलादपूरच्या वाड्यांनी माणसे गमावली. आईबाप दोघेही गेलेल्या मुलाला काळजी व संरक्षणाची गरज असेल, तर त्याचा विषय बाल न्याय कायद्याखालील बाल कल्याण समितीपुढे जातो. वर वर्णिलेल्या वादांची वाट त्याला लागू नाही.

खर्चाची धास्ती अनेकींना अर्जापासून दूर ठेवते. स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. सोबत लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला न्यावा. दावा चालू असताना मुलाच्या खर्चाचा अर्ज केला, तर समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ सांगते.