अज्ञात श्रोत्यासाठीं तबकडी

ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्या रसिकाविषयीं ती काढणारा दोन गोष्टी गृहीत धरून चालतो: तबकडी वाजविण्याचें यंत्र त्याच्याजवळ आहे, आणि वेष्टनावरील मजकूर त्यास वाचतां येतो. ह्या दोहोंपैकीं एकहि गोष्ट जेथें गृहीत धरतां येत नाहीं, तेथें पाठवावयाची तबकडी कशी सिद्ध करावी? हा प्रश्न १९७७ सालीं अमेरिकेंतील कांहीं विद्वानांपुढें उभा राहिला. त्या सालीं 'नासा' ह्या संस्थेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन अंतरिक्षयानें, एक २० ऑगस्ट रोजीं व दुसरें ५ सप्टेंबर रोजीं, सोडलीं. प्रत्येकावर एकेक तबकडी बसविलेली होती. ज्योतिर्विद कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालीं एका लहानशा मंडळानें तिची सिद्धता केली.

तबकडी १२ इंच व्यासाची, तांब्याची असून तिजवर सोन्याचा मुलामा आहे. जागा अशी मोजकी. सांगावयाचें मात्र अपार. तबकडी जितकी सावकाश फिरेल तितकें तींत अधिक मावतें, परंतु त्या मानानें आवाजाचा स्पष्टपणा घटतो. नेहमींच्या दीर्घ ध्वनिमुद्रिका मिनिटास ३३⅓ फेरे घेतात. मंडळानें तो वेग निम्मा, म्हणजे १६⅔ फेऱ्यांवर आणला, आणि सुमारें ९० मिनिटांचें संगीत, ५५ भाषांतील अभिवादनें (त्यांत मराठीहि आहे), निसर्गांतील नाना ध्वनि व सुमारें ११५ चित्रें तींत बसविलीं. चित्रांचेंहि रेघारेघांनीं ध्वनींत रूपांतर करून तीं त्याच खांचेंत कोरलीं आहेत.

वेष्टनाचें काम याहूनहि अवघड होतें. बाजारांतील वेष्टन गिऱ्हाइकाचें लक्ष वेधतें. ह्या वेष्टनास शिक्षकाचें काम करावयाचें होतें. अक्षरें निरुपयोगी, कारण तीं शिकविणारा कोणी नाहीं. सेकंदहि निरुपयोगी, कारण तो आपल्या पृथ्वीवरील व्यवहारांतून जन्मला. म्हणून विश्वांत सर्वत्र सांपडणाऱ्या हायड्रोजनच्या अणूस साक्षीस घेतलें. त्याच्या एका विशिष्ट अवस्थांतराशीं निगडित असा, एक अब्जांश सेकंदाच्या ०.७० इतका काल हें माप धरून, तबकडीच्या एका फेऱ्यास लागणारे ३.६ सेकंद त्या मापांत कोरले. सुई कोठें टेकवावी, तें आकृतीनें दाखविलें. चित्रें बरोबर उलगडल्याची खूण म्हणून पहिलें चित्र वर्तुळाचें ठेवलें. १४ स्पंदक ताऱ्यांच्या आधारें आपल्या सूर्याचें ठिकाण सांगितलें. सुईहि सोबत दिली.

ह्या ९० मिनिटांत भारताच्या वाट्यास एकच चीज आली: मूळच्या गोमंतकांतील केरी गांवच्या सुरश्री केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवी, सुमारें साडेतीन मिनिटांची. येथें एक जुना वाद आठवतो. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांपलीकडे गाणें मावत नसे. तासभर फुलणारा राग तींत कोंबणें ही त्याची विटंबनाच होय, असा आक्षेप जाणकार घेत, आणि तो खोटा नव्हता. परंतु केसरबाईंचे गुरु अल्लादियाखां यांचें गाणें तबकडीवर उतरलेंच नाहीं. १९४६ सालीं ते निवर्तले, आणि पुढील पिढ्यांस त्यांच्या गायकीची ओळख शिष्यांच्या कंठांतूनच करून घ्यावी लागली. शिष्येनें ती सांकड पत्करली म्हणून तिचा स्वर उरला. तासाभराच्या मैफलीस त्या यानावर जागा मिळणें शक्यच नव्हतें.

केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजीं वारल्या. दोन्ही यानें तोंपर्यंत वाटेस लागलीं होतीं. २०१२ सालीं एकानें व २०१८ सालीं दुसऱ्यानें सौरवाताचें क्षेत्र ओलांडलें.

त्या तबकडीस श्रोता भेटेल कीं नाहीं, हें कोण सांगणार? पण अज्ञात श्रोता केवळ ताऱ्यांपलीकडेच असतो असें नाहीं. घरच्या कपाटांतील, वेष्टन हरवलेली व नांव पुसलेली तबकडी उद्यां ज्याच्या हातीं पडेल, तोहि तितकाच परका. कोण गात आहे, राग कोणता, वेग किती, हें त्यास कोणी सांगावें? इतक्या दूरच्या श्रोत्याची जी काळजी त्या मंडळानें वाहिली, तिचा अल्पसा अंश जरी आपण आपल्या नातवंडांसाठीं वाहिला, तरी पुष्कळ गाणें वांचेल.