विमानाच्या कारखान्यातली चिमुकली मोटार

मोटारींचा इतिहास म्हटला की आपल्याला राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस आठवतात. आम्हांला जिव्हाळा वाटतो तो मात्र जर्मनीतल्या एका तीनचाकीचा. दुसरे महायुद्ध हरल्यावर जर्मनांना विमाने बांधण्याची बंदी झाली. मेसरश्मिटच्या कारखान्याला काम उरले नाही. इकडे फ्रिट्झ फेंड हा विमान-अभियंता १९४८ पासून युद्धात अपंग झालेल्यांसाठी छोट्या गाड्या बनवीत होता. दोघांची गाठ पडली, आणि १९५३ साली पहिली, तर १९५५ साली सुधारलेली ‘के. आर. २००’ ही मोटार रस्त्यावर आली. विमानासारखे पारदर्शक झाकण, एकामागे एक आसने, सुकाणूला चाकाऐवजी दांडी आणि एंजिन अवघे १९१ घन सेंटिमीटरचे! मागे जायचे, तर एंजिन बंद करून उलटे सुरू करायचे. या टू-स्ट्रोक एंजिनाला झडपा नसल्याने ते उलटेही तसेच चाले. म्हणून चारही गिअर मागे जातानाही मिळत! पुढे लोकांना चारचाकी परवडू लागली, आणि १९६४ साली हिचे उत्पादन थांबले. हिचे रूप पाहून हसू येते खरे; पण संहारासाठी राबलेल्या विद्येने येथे पांगळ्यांना पाय दिले, हे विसरून चालणार नाही.