नाकारलेल्या नाटकाची कुळकथा

कोकणात उत्सवाच्या रात्री गावकरी स्वतःच तोंडाला रंग लावून नाटक उभे करतात. पेण-रोह्याकडेही ही हौस आहे; तिच्यासाठीच एका जुन्या नाटकाची ही गोष्ट. मराठी रंगभूमीवर समाजातल्या अन्यायाला पहिला जाब कोणी विचारला, असे म्हटले की बहुतेकांना गो. ब. देवलांचे ‘शारदा’ आठवते. पैशासाठी कोवळ्या लेकीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप 1899 च्या प्रेक्षकांनी अचूक ओळखला. पण या घराण्याचा मूळपुरुष त्याहून 44 वर्षांनी थोरला आहे.

जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि रंगमंचावर देव-राक्षसांचेच राज्य होते. फुल्यांनी तिथे गरोदर कुणबीण आणली. दारात आलेला जोशी तिला ग्रहांची भीती घालतो. मग अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले आणि त्यासाठी घरात नसलेला पैसाही आला. विदूषक मध्ये पडून जोशाची लबाडी उघडी करतो. शेवटी नवरा-बायको फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. अक्षर येत नाही म्हणून आपण नाडले जातो, हे त्यांना कळलेले असते.

ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून आले थेट 1979 मध्ये. पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला, तेव्हा 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. खरे बोलणाऱ्या नाटकाला अशी किंमत मोजावी लागली.

फुल्यांची कुणबीण आपल्या जिल्ह्याला परकी नाही. या तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता होती. खोताच्या वहीत काय लिहिले आहे, हे न वाचता येणाऱ्या कुळाची गत तिच्यासारखीच. पेणेच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 संप केला. खोताची जमीन कसायची नाही म्हणून उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही.

म्हणून पेण-रोह्याच्या हौशी मंडळींना कळकळीची विनंती आहे: यंदाच्या उत्सवात ‘तृतीय रत्न’ बसवा. त्याला पात्रे थोडी लागतात, नेपथ्य जवळजवळ नाहीच. 124 वर्षे कागदातच राहिलेल्या या नाटकाचा पहिला हक्क कष्टकऱ्यांच्या गावांचा आहे.