एका पेनीची गाणी

परपुरुषाशी संग आणि नवऱ्याची फसवणूक हा विषय स्मरणिकेत कशाला, असे काहींना वाटेल. परंतु इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत याच विषयावर पुष्कळ गाणी छापली जात. कागदाच्या एकाच बाजूस मजकूर, वर लाकडी ठशाचे चित्र, सोबत चालीचे नाव. किंमत फार तर पेनी. फेरीवाले ती बाजारात गाऊन विकत. सॅम्युएल पेप्स याने जमविलेली अठराशेंहून अधिक गाणी केंब्रिजला जपून ठेविली आहेत.

अठराव्या शतकातील एका गाण्यात घरधनी येतो तो दाराशी परके घोडे! बायको सांगते, आईने धाडलेल्या दुभत्या गाई त्या. तलवारी दिसतात, त्या म्हणे मांस भाजण्याच्या सळया. बिछान्यातले पुरुष? गवळणी! गवळणींना दाढ्या कशा, एवढेच तो बिचारा विचारतो. मला हसू आवरले नाही.

मात्र ‘लिट्ल मस्ग्रेव्ह’मध्ये नवरा पत्नीला व तिच्या प्रियकराला ठार मारतो, आणि कायदा या दुसऱ्या गाण्याच्याच बाजूचा होता. 1650 च्या कायद्याने विवाहितेच्या व्यभिचारास, तिला व त्या पुरुषालाही, देहदंड ठरला. विवाहित पुरुष अविवाहितेकडे गेला तर फक्त तीन महिने कैद! 1660 मध्ये राजा परतल्यावर तो कायदा गेला. पण त्यानंतरही पूर्ण घटस्फोटाला पार्लमेंटचा खास कायदा लागे. 1857 पर्यंत तसा तो अवघ्या चार स्त्रियांना मिळाला.