नखीची झीज

गिटारची तार ज्या लहान त्रिकोणी तुकड्याने छेडतात त्याला आपली मुले ‘पिक’ म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे, नखी. सतार वाजविताना तर्जनीवर चढवावयाच्या पोलादी वेढ्यालाही आपण नखीच म्हणतो. हा शब्द किती अचूक आहे ते पुढे दिसेल.

यवतमाळ जिल्ह्याला तंतुवाद्ये नवी नाहीत. परधान गायकांची किंगरी गजाने वाजते, भजनातील एकतारी बोटाने. गिटार मात्र ख्रिस्तमंदिरात पुष्कळ उशिरा आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत केले आणि पाइप ऑर्गनचा मान राखूनही इतर योग्य वाद्यांना वाट मोकळी करून दिली. तिच्याबरोबर नखी आली आणि नखीबरोबर झीज.

तार आणि नखी एकमेकींवर घासल्या की दोघींपैकी एकीला झिजावेच लागते. कोणी झिजावे, हा प्रश्न फार जुना आहे. नवव्या शतकात कोर्दोबाच्या दरबारात झिर्याब नावाचा थोर ऊदवादक होता. त्याने लाकडी नखी टाकून गरुडाच्या पिसाचा दांडा वापरावयास घेतला. तो बोटांना हलका असे आणि तारा अधिक काळ टिकत, असे सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी सांगतो. झिर्याबचा निवाडा उघड आहे: तार वाचावी, नखी झिजावी. युरोपातील हार्पसिकॉर्डच्या कळांमागेही पुढे पक्ष्यांच्या पिसांचेच तुकडे बसविले गेले, व ते झिजले की वादकालाच नवे कापून बसवावे लागत.

पीस, शिंग, कासवाचे कवच आणि आपले नख ही सारी केराटिन या एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली आहेत. म्हणजे ‘नखी’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. यांत सर्वांत नावाजले ते हॉक्सबिल या समुद्री कासवाचे कवच. ते सावकाश झिजते आणि झिजतानाही गुळगुळीत राहते; वादकांना आणखी काय हवे? पण नखी टिकावी म्हणून जीव जात होता कासवाचा. नखीपेक्षा कंगवे, चष्म्यांच्या चौकटी व डब्या यांनी अधिक कासवे खाल्ली हे खरे. तरी वादकाचा वाटा त्यातून सुटत नाही. १९७७ पर्यंत या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वत्र बंदी आली. जपानने मात्र आपली आयात १९९२ अखेर थांबविली. अंदमानच्या किनाऱ्यांवर अंडी घालणारे हे कासव आज अतिसंकटग्रस्त गणले जाते.

पर्याय आधीच निघाला होता. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइड तयार झाले. चित्रपटाची जुनी, चटकन पेट घेणारी फीत त्याचीच. १९२२ साली लुइजी द’आंद्रेया या इटालियन स्थलांतरिताने त्याच्या पत्र्यातून नख्या कापून विकावयास आरंभ केला. कासवाच्या कवचासारखे तांबूस-पिवळे ठिपके या नकली नख्यांवर हौसेने उमटविले जात! मग नायलॉन आले, पुढे डेलरिन.

झिजण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. गिटारच्या जाड तारांवर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. तिचे वेढे कानशीसारखे काम करतात. हात तिरका पडतो, म्हणून टोक एकाच बाजूने उतरते, आणि दुसऱ्याची झिजलेली नखी आपल्या हाती नीट बसत नाही. पातळ नायलॉनच्या कडेला कुसे निघतात, सेल्युलॉइड सपाट होते. गायनवृंद नाताळची तयारी करू लागला की गिटारच्या छिद्राजवळ पांढुरकी भुकटी दिसते, ती हीच. टोक बोथट झाले की स्वर जाडा होतो. मुले तारांना दोष देतात आणि नव्या तारा मागतात. खर्च वाढतो. नखी बदलून पाहावी, किंवा तिचा दुसरा कोपरा वापरावा, हे त्यांना सुचत नाही.

सरोदवादकांची वाट वेगळी आहे. ते ‘जवा’ नावाची नखी पुष्कळदा नारळाच्या करवंटीतून करतात. ती खडबडीत झाली की पॉलिश कागदावर घासून पुन्हा गुळगुळीत करून घेतात आणि फार लहान झाली की दुसरी करवंटी फोडतात.