उमेदवारीचे मैदान

इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. विजयाचा दिवस ते तिथीवारासह नोंदवितात. परंतु ज्या दहावीस वर्षांत तो विजय हळूहळू सिद्ध होत आला, ती वर्षे त्यांच्या पानांवर दोन ओळींत आटोपतात. राज्यांच्या इतिहासात ही खोड एक वेळ क्षम्य मानता येईल. खेळांच्या इतिहासात मात्र ती फार जाचते. कारण खेळाडूचे आयुष्य म्हणजे बहुतांशी उमेदवारीच होय. वैभवाचे दिवस त्यात थोडे, आणि पुष्कळांच्या वाट्यास तर ते येतच नाहीत. या उमेदवारीचा इतिहास आपल्या विदर्भापुरता, आणि त्यातही यवतमाळ जिल्ह्याकडे दृष्टी ठेवून, तपासून पाहावा असा आमचा हेतू आहे.

वऱ्हाडात पाऊस ओसरला, दसरा उलटला आणि काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागली, म्हणजे मैदानेही वाळून खेळण्याजोगी होतात. आपल्याकडील क्रिकेटचा हंगाम याच सुमारास उघडतो. वर्तमानपत्रांचे डोळे मोठ्या सामन्यांकडे लागलेले असतात; परंतु त्याच शरद-हेमंतात सोळा, एकोणीस व तेवीस वर्षांखालील मुलांचे सामने गावोगावच्या मैदानांवर चालू असतात. सोळांसाठी विजय मर्चंट करंडक, एकोणिसांसाठी कूचबिहार करंडक, तेविसांसाठी सी. के. नायुडू करंडक, आणि त्यांच्या डोक्यावर रणजी करंडक, असा हा जिना आहे. खालच्या पायऱ्यांवर प्रेक्षक म्हणावे तर दोनचार पालक आणि निवड समितीचा एखादा सभासद. टाळ्या वाजल्याच तर आपल्याच गड्यांच्या.

अमेरिकेत बेसबॉलच्या खेळासाठी हीच गोष्ट मोठ्या नेटकेपणाने केलेली आढळते. तेथील ॲरिझोना प्रांतात १९९२ पासून दर शरदात उमेदवारांची एक स्वतंत्र स्पर्धा भरते. मोठमोठे संघ आपापले निवडक तरुण तेथे पाठवितात. जिंकणे-हरणे तेथे गौण. कोणता तरुण पुढच्या पायरीस योग्य झाला आहे, हे पाहणे मुख्य. विशेष हे की, नावारूपास न आलेल्या या मुलांचा खेळ वर्षानुवर्षे ध्यानपूर्वक पाहणारे रसिक त्या देशात आहेत. आपल्याकडे जिना आहे. मात्र त्याच्या खालच्या पायऱ्यांकडे पाहणारे डोळे फार थोडे.

या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला ज्या पुरुषाचे नाव दिले आहे, तो आपल्याच प्रांताचा. कोट्टारी कनकय्या नायुडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास झाला. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षटकार मारून १५३ धावा केल्या, आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले. परंतु तत्पूर्वीच, १९२३ च्या सुमारास, ते इंदूरच्या होळकरांच्या पदरी गेले होते. ‘कर्नल’ ही जी पदवी त्यांच्या नावामागे आपण आदराने लावतो, ती होळकरांच्या सैन्यातली. होळकर संघाने पुढे १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपुराने पुरुष दिला. त्याच्या पराक्रमाचे फळ इंदुराने चाखले. यात इंदूरचा दोष तो काय? गुणाला आश्रय लागतो, आणि तो जेथे मिळेल तेथे गुण जातो.

आपला वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेला होता. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले, आणि अर्धे शतक हा जिल्हा ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाखाली नांदला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, आणि १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा संघ स्वतःच्या नावाने रणजी सामन्यांत उतरला. राजकीय दृष्ट्या विदर्भ महाराष्ट्राचा झाला, तरी क्रिकेटमध्ये त्याने आपली चूल वेगळीच ठेवली. या चुलीवर मात्र साठ वर्षे मेजवानी शिजली नाही. २००२-०३ पासून रणजीत वरिष्ठ व कनिष्ठ असे दोन गट झाले, तेव्हा विदर्भाचा मुक्काम बहुधा कनिष्ठ गटातच असे. गुणी खेळाडू निपजत नव्हते असे नाही. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य भारताकडून खेळला, पण काही काळ त्याला बंगालचा आश्रय करावा लागला. नायुडूंच्या वेळचा प्रवाह अजून वाहतच होता.

तो कोणत्या बांधाने थांबला, हे पाहिले पाहिजे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जामठ्याचे मोठे क्रीडागृह २००८ साली कसोटी सामन्यासाठी उघडले, हे सर्वांच्या डोळ्यांत भरले. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे काम डोळ्यांत न भरणारे होते. विदर्भ क्रिकेट संघटनेने मुलांच्या शिक्षणासाठी निवासी प्रबोधिनी काढली. वयोगटांच्या संघांकडे सातत्याने लक्ष दिले. आणि बाहेर जाऊन आलेल्या प्रशांत वैद्य यांच्यासारख्यांना या कामात गुंतविले. मुंबईचे चंद्रकांत पंडित गुरू म्हणून आणि वासिम जाफर ज्येष्ठ सहकारी म्हणून आले. पूर्वी येथला गुणी बाहेर जाई. आता बाहेरचा गुणी येथल्या मुलांना शिकवू लागला.

फळ २०१७-१८ च्या हंगामात हाती आले. उपांत्य सामन्यात बलाढ्य कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात करून विदर्भ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गडी राखून करंडक विदर्भाचा झाला. हा सामना कोठे झाला? इंदुरास, होळकरांचेच नाव धारण करणाऱ्या मैदानावर. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणतात ते उगाच नव्हे.

या विजयाचा डंका सर्वत्र वाजला. परंतु त्याच हंगामातील दुसरी एक घटना आम्हांस अधिक बोलकी वाटते. विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडकही जिंकला, आणि त्याच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावांची खेळी केली. वरच्या मजल्यावर दिवा लागला त्याच वर्षी खालच्या पायरीवरही लागला होता. म्हणजे पहिला विजय हा एका पिढीचा योगायोग नव्हता. पुढील सालांनी हेच सिद्ध केले. २०१८-१९ मध्ये करंडक विदर्भाकडेच राहिला. आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा आला तेव्हा हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजाने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा उच्चांक मोडला, तर दानिश मालेवारने आपल्या पहिल्याच हंगामात, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या.

येथे कोणी म्हणेल की, अस्सल गुणाला जिन्याची गरज काय? उमेश यादव पाहा. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा हा मुलगा वयोगटांच्या पायऱ्या न चढताच, २००८ साली रणजीत आला आणि २०११ साली कसोटी खेळला. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिला. उदाहरण खरे आहे. परंतु भिंतीवरून उडी मारून आत येणारा एखादा असतो, म्हणून घराला दार नको असे होत नाही. करंडक अकरा जणांनी जिंकावयाचा असतो, आणि अकरा उमेश यादव कोणत्याही प्रांताला एका वेळी लाभत नाहीत.

आता यवतमाळकडे वळू. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार हा मुळात उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा मुलगा. लहानपणीच प्रशिक्षकाच्या सल्ल्याने तो डाव्या हातानेही गोलंदाजी शिकला, आणि दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चेंडू टाकणारा गोलंदाज म्हणून प्रसिद्धीस आला. नियमाप्रमाणे गोलंदाजाने कोणत्या हाताने टाकणार हे पंचास सांगावे लागते व पंच ते फलंदाजास कळवितो. फलंदाज पाहून हात बदलावयाचा म्हणजे ही सूचना पुनःपुन्हा देणे आले! सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव-सामन्यात त्याने हा प्रयोग केला, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले.

परंतु कौतुकाने कर्णेवारचे मोल होत नाही. फेब्रुवारी २०१९ मधील सौराष्ट्राविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना घ्या. विदर्भाच्या पहिल्या डावात ३१२ धावा झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी खेळी तळाकडे आलेल्या कर्णेवारची, नाबाद ७३. सौराष्ट्राने ३०७ केल्या. आघाडी पाच धावांची! पुढे आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेऊन ७८ धावांचा विजय साधला, आणि मान त्याला मिळाला हे योग्यच झाले. तथापि त्या ७३ धावा वजा करून पाहिल्या, म्हणजे करंडक किती बारीक धाग्यावर लोंबत होता हे कळते. लगेच झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध याच कर्णेवारने १०२ धावा काढल्या.

आणखी एक नोंद पाहावी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्रातील मंगलगिरी येथे मणिपूरविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात त्याने आपली चारही षटके निर्धाव टाकून दोन बळी घेतले. पुरुषांच्या वीस षटकांच्या खेळात असे पूर्वी कोणीही केले नव्हते. कनिष्ठ गटातला तो सामना. मैदानावर गर्दी नाही. पुढे २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने चार निर्धाव षटके टाकली, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. पहिला मान यवतमाळच्या मुलाचा आहे, हे यवतमाळात तरी किती घरांना ठाऊक असेल?

हा खेळाडू भारताच्या संघातून खेळलेला नाही. येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या खेळाचा हिशेब दोनच रकान्यांत मांडतात: देशाकडून खेळला तर जन्माचे सार्थक, न खेळला तर वर्षे फुकट. हा हिशेब खरा धरला तर विदर्भाचे तिन्ही करंडक ‘फुकट गेलेल्या’ माणसांनीच बहुतांशी जिंकले असे म्हणावे लागेल. त्यांतल्या पुष्कळांचे शिखर मधल्याच पायरीवर होते. पण त्या पायरीवर ते भक्कम उभे राहिले म्हणूनच साठ वर्षांचा अपयशाचा शिक्का पुसला गेला, आणि मागून येणाऱ्या मुलांना घर सोडून परप्रांताचा आश्रय शोधण्याची गरज उरली नाही.

अर्थात या जिन्यात उणीव नाही असे नव्हे. त्याचे दार एकच, आणि ते नागपुरास आहे. विदर्भ संघटनेचे क्षेत्र अकरा जिल्ह्यांचे. पण नियमित सामने, उत्तम खेळपट्ट्या, जाणते शिक्षक हे सारे बहुतांशी राजधानीत एकवटलेले. पांढरकवड्याहून जामठ्याचा रस्ता सरळ असला तरी तो सुमारे दीडशे किलोमीटरांचा आहे. पुसद-उमरखेडच्या मुलाला तर त्याहूनही लांबचा. एवढे अंतर रोज कोणी तोडू शकत नाही. म्हणजे कोवळ्या वयात मुलाने घर सोडावे, किंवा बापाने पदरमोड करावी, किंवा मुलाने खेळ सोडावा. तिसरा मार्ग पत्करणाऱ्यांची नावे कोणत्याच धावफलकावर येत नाहीत. कापसाच्या भावावर ज्या जिल्ह्यातील घरांचे वर्ष अवलंबून असते, तेथे ही पदरमोड किती जणांना झेपेल, हे सांगावयास नको.

यास्तव आमचे म्हणणे एवढेच की, जिन्याची पहिली पायरी जिल्ह्यात असावी. शाळांची मैदाने राखावीत. जिल्ह्याच्या मुलांच्या सामन्यांची नोंदवही नीट ठेवावी. आणि आपण शहाण्यासुरत्या वाचकांनी शरदातल्या एखाद्या दुपारी त्या सामन्यांना जाऊन बसावे. मुलाला खेळू देताना त्याचे शिक्षण तोडू नये, आणि शिक्षण देताना त्याचा खेळ तोडू नये. नायुडूंसारखा पुरुष पुन्हा निपजेल की नाही, हे कोणाच्या हातचे नाही. तो निपजला तर त्याला जिल्ह्यातच पहिली पायरी सापडावी, आणि न निपजला तरी त्या पायरीवर उभ्या राहिलेल्या शंभर मुलांचे श्रम कोणी तरी पाहिलेले असावेत, एवढे मात्र आपल्या हातचे आहे.